शाळा सुटल्यावर पोरांनी करायचं काय? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी सुरू झाल्या आणि या महिन्यात पत्रांत, मेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून एकच विषय आला, शाळेनंतर मुलांना कशात घालायचं. यातले फक्त पहिली ते चौथीच्या मुलांबद्दलचे प्रश्न इथे घेतलेत, मोठ्या मुलांचे पुढच्या अंकात. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून सगळ्यांचे फक्त नागपुरातले भाग दिलेत.

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी दुसरीत आहे. शाळा ९ ते ३, व्हॅननं घरी यायला पावणेचार होतात. सोमवार-बुधवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार फोनिक्स (इंग्रजी वाचायला शिकवायचा क्लास), शुक्रवारी हॅन्डरायटिंग, शनिवारी डान्स, रविवारी सकाळी ड्रॉइंग. आता काही दिवसांपासून क्लासला निघायची वेळ झाली की पोट दुखतं म्हणते. डॉक्टरला दाखवलं, काही नाही म्हणाले. मिस्टर म्हणतात सगळं बंद कर, पण आमच्या लाइनीतली सगळीच मुलं कुठे ना कुठे जाऊन राहिली, हीच मागे पडली तर? काय ठेवू अन काय बंद करू? (मानेवाडा)

उत्तर : आधी पोटाचं बोलते. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं याचा अर्थ ती नाटक करते असा नाही हो, या वयात मुलांना "मला हे नको झालंय" असं नीट सांगता येत नाही आणि ताण आला की खरंच पोट दुखतं, त्यामुळे तिला खोटारडी वगैरे म्हणू नका, आणि दुखणं राहिलंच तर परत दाखवा.

आता तिचा दिवस तिच्या बाजूनं बघा. पावणेचारला घरी, हातपाय धुऊन खाईस्तोवर सव्वाचार, क्लासला जाणंयेणं धरून सहा-साडेसहा, मग होमवर्क, मग जेवण, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला झोप लागते ९ ते १२ तास, म्हणजे सकाळी साडेसहाला उठवायचं असेल तर नऊ-साडेनऊला ती झोपलेली पाहिजे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला, तो मुलांच्या झोपेसाठीच होता आणि मला तो मनापासून पटला, पण त्यानं झालं असं की सकाळ मोकळी झाली आणि संध्याकाळ आखूड झाली, आणि आपण क्लास मात्र तेवढेच ठेवले. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं पळायला-खेळायला पाहिजे. तुमच्या टाइमटेबलमध्ये शनिवारचा डान्स सोडला तर हा तास कुठेच नाहीये, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

आणखी एक सांगते कारण चष्म्याचे नंबर दुसरी-तिसरीतच लागायला लागलेत. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर मोकळ्यावर घालवायला दिली, तीन वर्षांनी बघितलं तर त्या मुलांपैकी साधारण ३० टक्क्यांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं आणि ज्यांना असा वेळ दिला नव्हता त्यांच्यात साधारण ४० टक्क्यांना. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. फक्त बाहेर उजेडात राहण्यानं एवढा फरक पडला, आणि आपण मुलांना एका खोलीतून काढून दुसऱ्या खोलीत बसवतो, तेही पैसे भरून.

काय ठेवायचं ते मी सांगू शकत नाही, मुलगी सांगेल. मी प्रत्येक पालकाला हेच विचारते की क्लास नसतो त्या दिवशी ती ते आपल्या मनानं करते का? आरशासमोर नाचते का, वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढते का? जे ती न सांगता करते ते ठेवा. जे फक्त क्लासमध्ये आणि क्लासच्या होमवर्कमध्येच होतं ते बंद केलंत तर तिचं काही नुकसान नाही. माझा अंदाज डान्स किंवा ड्रॉइंग राहील, दोन्ही राहिले तरी चालतील. फोनिक्स आणि हॅन्डरायटिंग तर ताबडतोब थांबवा असं मी म्हणेन. मराठी वाचता येत असेल तर रोज रात्री दहा मिनिटं तुम्ही तिच्यासोबत मोठ्यानं वाचा, एक दिवस मराठी एक दिवस इंग्रजी, दुसरीच्या मुलीला एवढं पुरतं. अक्षर तर बोटांत ताकद आली की सुधारतं, कणीक मळू द्या, कात्रीनं कापू द्या, मटार सोलू द्या.

आणि लाइनीतल्या मुलांचं म्हणाल तर पाच ते सहा तुमची मुलगी खाली खेळायला दिसायला लागली की महिनाभरात आणखी दोघीतिघी उतरतील, त्यांच्या आयाही तुमच्यासारख्याच थकल्यात, फक्त कोणी आधी बोलत नाही.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. अबॅकसच्या सेंटरवर डेमोला गेलो होतो, ते म्हणाले यानं मेंदूची उजवी बाजू ॲक्टिव्ह होते, एकाग्रता वाढते, सगळ्या विषयात फायदा होतो. त्यांच्याकडेच दुसरा एक कोर्स आहे, त्यात मुलं डोळ्याला पट्टी बांधून रंग ओळखतात, वाचतात. आमच्या समोर करून दाखवलं. खरं आहे का हे? फी बरीच आहे. (बेसा)

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या करू. पट्टीवाला कोर्स साफ फसवणूक आहे, त्याच्या दारातही उभे राहू नका. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या बाजूला फट राहते आणि मुलं तिथून खाली बघतात, म्हणूनच वस्तू नेहमी नाकाखाली धरायला लावतात. तीच वस्तू कपाळाच्या वर किंवा डोक्याच्या मागे धरा आणि मग विचारा, लगेच कळेल. पैशापेक्षाही मला त्यातलं हे जास्त लागतं की सात वर्षांच्या मुलाला मोठ्यांसमोर खोटं वागायला शिकवतात आणि वरून टाळ्या वाजवतात.

अबॅकस मात्र खरी विद्या आहे. मणी सरकवून सरकवून मुलाच्या डोक्यात त्या मण्यांचं चित्र बसतं आणि मग मणी नसतानाही बेरजा-वजाबाक्या पटापट होतात. प्रश्न एवढाच की याचा बाकी कशाला फायदा होतो का. आपल्या शेजारी गुजरातमध्ये, वडोदऱ्याला एका शाळेत ५ ते ७ वयाच्या सुमारे २०० मुलांवर तीन वर्षं याचा नीट प्रयोग झाला, चिठ्ठ्या टाकतात तशी निवड करून निम्म्यांना अबॅकस, निम्म्यांना तेवढाच वेळ नेहमीचं जास्तीचं गणित. २०१६ मध्ये तो छापून आला. अबॅकसवाली मुलं आकडेमोडीत पुढे गेली, पण स्मरणशक्ती, एकाग्रता असल्या एकूण बुद्धीच्या चाचण्यांत काही फरक दिसला नाही. म्हणजे आकडेमोड वेगात व्हावी असं वाटत असेल आणि पोराला मजा येत असेल तर लावा, सगळ्या विषयात फायदा म्हणून लावत असाल तर तो पैसा वाचवा. किराण्याच्या दुकानात नेऊन उरलेले पैसे त्याला मोजायला लावा, पाढे चालता चालता म्हणा, सातव्या वर्षी गणित असंच पक्कं होतं.

प्रश्न : मॅडम, मी ऑटो चालवतो, बायको टिफिनच्या कामाला जाते. मुलगा चौथीत, मुलगी पहिलीत, मनपाच्या शाळेत. शाळेतून आले की संध्याकाळपर्यंत मोबाइल नाही तर टीव्ही. क्लास लावायची आपली ऐपत नाही. पण पोट्टे हुशार आहेत, काही शिकावं असं लय वाटते. फुकटात किंवा कमी पैशात काही होते काय? (जरीपटका)

उत्तर : होतं दादा, आणि चांगलं होतं. तुमचा प्रश्न वाचून मला आनंद झाला कारण नागपुरात या वयाच्या मुलांसाठी जे सगळ्यात चांगलं आहे ते महाग नाहीच.

तुमच्या घरापासूनच सुरू करू. कडबी चौकात नॅरोगेज रेल्वेचं म्युझियम आहे, जरीपटक्यावरून जवळच. आपल्या छोट्या लाइनीची इंजिनं, डबे तिथे ठेवलेत, नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन तर २०१५ पर्यंत चालू होती, तुम्ही स्वतः बसला असाल. जाताना खिशात मेजर टेप घेऊन जा. पोराला छोट्या लाइनीच्या दोन रुळांमधलं अंतर मोजायला सांगा, ते ७६२ मिलिमीटर भरायला पाहिजे. मोठ्या लाइनीचं १६७६ असतं, ते त्याला सांगा पण चालू रुळावर मोजायला अजिबात जाऊ देऊ नका, घरी येऊन अंगणात खडूनं दोन्ही मापांच्या रेषा ओढायच्या आणि एका लाइनीत आपण चौघं किती बसतो ते बघायचं. मग विचारा, छोटी लाइन छोटी काहून ठेवली असेल? तो काय उत्तर देतो ते ऐका, लगेच चूक-बरोबर करू नका. डोंगरात वळणं घ्यायला ती सोपी जाते आणि बांधायला स्वस्त पडते, हे तुम्ही शेवटी सांगा. चौथीचं मोजमाप, भूगोल आणि थोडा इतिहास एका दुपारी होऊन जातो. पहिलीतली मुलगी तोवर डबे मोजेल.

दुसरी जागा गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र. १९९२ पासून आहे, केंद्र सरकारचं आहे, तिकीट लागतं पण एखाद्या क्लासच्या एका महिन्याच्या फीत घरच्या सगळ्यांच्या बऱ्याच चकरा होतील. तिथे वस्तूंना हात लावू देतात, फिरवू-ओढू देतात, आणि बाहेर डायनासोरांचे मोठे पुतळे आहेत ते बघायला लहानी वेडी होईल. एकाच दिवसात सगळं बघायची घाई करू नका. एका खेपेला दोन-तीन वस्तू नीट बघायच्या आणि घरी येऊन त्यातली एक आईला समजावून सांगायची, आईनं मुद्दाम शंका काढायच्या. तारांगण वेगळ्या खेपेला ठेवा. तिसरा अजब बंगला, सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चं. तिथे जाताना वही-पेन्सिल न्यायची आणि एक मूर्ती किंवा एक प्राणी उभ्या उभ्या काढायचा. आणि सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे तरी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांना आत सोडत आले आहेत, हा १५ ऑगस्ट जवळच आला आहे, सकाळी लवकर जा म्हणजे रांग कमी.

हे झालं सुट्टीच्या दिवसाचं. रोजच्या संध्याकाळी काय, तर मोबाइल घरात आहेच तर तो असा वापरा. अरविंद गुप्ता नावाचे एक फार मोठे माणूस आहेत, इंजिनियर, त्यांनी आयुष्य कचऱ्यातून खेळणी बनवून विज्ञान शिकवण्यात घातलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वेबसाइट फुकट आहे, छोटे छोटे व्हिडिओ आहेत, मराठीतही आहेत. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या घेऊन त्रिकोण, चौकोन, घर, पूल असं सगळं बनतं. ती ट्यूब सायकलच्या दुकानात अगदी थोड्या पैशात मिळते, काड्यांचा गुल मात्र तुम्हीच घासून काढा आणि मगच पोरांना द्या. त्रिकोण दाबून बघा म्हणावं, वाकत नाही, चौकोन लगेच वाकतो, आणि मग रेल्वेच्या पुलाला त्रिकोण कशासाठी असतात ते पोट्टं स्वतःच सांगेल. व्हिडिओ एकदा बघायचा, मोबाइल बाजूला ठेवायचा आणि तासभर हातानं करायचं.

वाचायला बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासून निघतं, जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. लहानीसाठी स्टोरीवीव्हर नावाच्या साइटवर मराठी चित्रकथा आहेत, त्याही फुकट. आणि शाळेत वाचनालय असायलाच पाहिजे, शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेसाठी वाचनालय आणि खेळाचं साहित्य लिहिलेलं आहे. बाईंना जाऊन विनंती करा की आठवड्याला एक पुस्तक घरी देत जा. पालक स्वतः मागायला आला की बहुतेक शाळांत पुस्तकं कपाटातून बाहेर निघतात, हे मी बघितलंय.

खेळाचं म्हणाल तर फुटबॉलसारखा स्वस्त खेळ नाही. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये आपल्याच नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन स्लम सॉकर सुरू केलं, तिथली मुलं पुढे परदेशात खेळून आली. तुमच्या भागात त्यांचं किंवा आणखी कोणाचं मैदान चालू आहे का याची चौकशी करा, आणि मुलीलाही पाठवा, फक्त पोराला नाही.

शेवटचं, लहान दोघंच घरी असतात हे मला जरा लागलं. शेजारची एखादी आजी किंवा मावशी ठरवून टाका, गॅसला हात लावायचा नाही हे पक्कं करा, तुमचा आणि आईचा नंबर दोघांना पाठ पाहिजे, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे तीसुद्धा भिंतीवर लिहून ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतोच आहे, या वेळेस लाकडी बैल विकत न घेता दोघांना मातीचा किंवा खोक्याचा बनवू द्या, झूल रंगवू द्या, तोच बैल घेऊन घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला जाऊ द्या.

प्रश्न : ताई, मी ६८ वर्षांचा आहे. नातू तिसरीत, मीच त्याला बुद्धिबळ शिकवलं. दिव्या देशमुख जिंकली तेव्हापासून त्याला वेड लागलं. कोच म्हणतात टुर्नामेंट खेळवा, गणितही सुधारेल. मुलगा-सून म्हणतात अभ्यास बिघडेल. काय करावं? (महाल)

उत्तर : काका, किती छान. दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. त्याआधी आपलाच रौनक साधवानी २०१९ मध्ये १३ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. आपल्याच गावातली मुलं एवढी पुढे गेलेली पोरांना दिसतात, तर वेड लागणारच, लागू द्या.

गणित सुधारेल म्हणून मात्र खेळवू नका. इंग्लंडमध्ये शंभर शाळा घेऊन त्यातल्या निम्म्या शाळांतल्या पाचवीच्या मुलांना वर्षभर बुद्धिबळ शिकवून पुढच्या वर्षी त्यांचं गणित तपासलं, २०१६ मध्ये निकाल आला, न शिकलेल्या मुलांपेक्षा काही फरक नव्हता. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. बुद्धिबळ खेळावं ते बुद्धिबळासाठी. हरल्यावर हात मिळवणं, आपली चूक आपणच शोधणं, पंचवीस मिनिटं एका जागी बसून विचार करणं हे त्यात आहे आणि ते पुष्कळ आहे. सुनेला आणि मुलाला तुम्ही असं सांगा की गणितासाठी नाही, त्याच्या आनंदासाठी, आणि अभ्यास आटोपल्यावर.

टुर्नामेंटला वर्षातून दोन-तीनदा, गावातल्या गावात न्या. हरून रडला तर कोचनं काय बोललं ते लक्ष देऊन ऐका, रडणाऱ्या आठ वर्षांच्या मुलावर जो ओरडतो तो कोच बदला, बाकी कितीही नावाजलेला असो. घरी डाव लिहायची सवय लावा, वहीत, पेन्सिलनं, आणि दुसऱ्या दिवशी तो डाव दोघांनी परत मांडून बघा. ऑनलाइन खेळ तिसरीत नको. समोर आजोबा बसलेले असताना स्क्रीनची गरज नाही, आणि तुमच्यासोबतचा तो एक तास कुठल्याही ॲकॅडमीत मिळत नाही.

प्रश्न : मुलगी दुसरीत. स्कॉलरशिपचा फाउंडेशन क्लास आताच लावला नाही तर पुढे जड जाते म्हणतात. ड्रॉइंगवाले सर पण म्हणाले एलिमेंटरीची तयारी आतापासून करू. (हुडकेश्वर)

उत्तर : दोन्ही नको. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-पाचवीच्या टप्प्यावर येते आणि तेव्हाही चांगलं वाचणाऱ्या मुलाला काही महिन्यांची तयारी पुरते. एलिमेंटरी तर हायस्कूलच्या मुलांची शासकीय परीक्षा आहे, तिथे स्मरणचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र ठरावीक पद्धतीनं काढावं लागतं. सात वर्षांच्या मुलीला आता तशी पद्धत लावली तर ती निळा कुत्रा अन गुलाबी झाड काढायचं सोडून देईल, आणि एकदा सोडलं की परत येत नाही. तिला कागद द्या, भरपूर.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलासाठी रोबोटिक्स-कोडिंगची वर्षाची फी एकदम भरली. दोन महिन्यांत ब्रांच बंद. फोन उचलत नाहीत. पैसे गेले समजू काय? (प्रतापनगर)

उत्तर : नाही, समजू नका. पावती, बँकेची किंवा यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, त्यांचं ब्रोशर, सगळं एका जागी काढून ठेवा. त्यांच्या मुख्य ऑफिसला लेखी पत्र आणि मेल पाठवा, इतके महिने शिकवलं, इतके राहिले, एवढे पैसे १५ दिवसांत परत करा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. तरी ऐकलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही दाखल करता येते, फक्त दोन वर्षांच्या आत करायची. तिथे आणखी कोणाकोणाची फी अडकली ते शोधा, सगळे मिळून गेलात तर जोर येतो.

आणि पुढच्यांसाठी लिहिते, लहान मुलांच्या कुठल्याही क्लासची फी महिन्याच्या वर एकदम भरू नका, वर्षाच्या फीवर कितीही डिस्काउंट दिला तरी. सहाव्या वर्षी पोराची आवड दोन महिन्यांत बदलते आणि बदलू द्यावी. कोडिंगचंच करायचं असेल तर अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी बनवलेलं स्क्रॅच फुकट आहे, ते साधारण आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आहे. तोवर ठोकळे, नटबोल्ट, जुना टॉर्च उघडून बघणं, हेच त्याचं रोबोटिक्स.

प्रश्न : ताई, मी डीएड केलंय, लग्नानंतर नोकरी केली नाही. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये पहिली ते चौथीची दहा-बारा मुलं आहेत. ट्यूशन नाही घ्यायचं मला, पण संध्याकाळी त्यांच्यासाठी काही चांगलं सुरू करायची इच्छा आहे. खाली हॉल आहे, थोडं मैदान आहे. कसं करू? फी घेऊ का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : घ्या सुरू करून, आणि फी घ्या. तुमच्या शिक्षणाला मोल आहे, फुकट केलं की महिन्याभरात लोक त्याला पाळणाघर समजतात. तुम्ही शाळेत नोकरीला असता तर गोष्ट वेगळी होती, शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमानं शिक्षकांना खाजगी शिकवणी करता येत नाही, तुम्हाला तो अडसर नाही. एखाद्याची ऐपत नसेल तर त्याची फी गुपचूप सोडा. तुमच्या स्कीमच्या वॉचमनची किंवा कामवाल्या मावशींची मुलं असतील तर त्यांना पहिल्या दिवसापासून घ्या, यावर कोणी कुरकुर केली तर ठाम राहा.

आठवड्यातून तीन दिवस, दीड तास, एवढंच. पाचही दिवस केलं तर तुम्ही थकाल आणि मुलांचं आपापलं खेळणं बुडेल. पहिला अर्धा तास मैदानात, आणि तेव्हा शिट्टी तुमच्या तोंडात नको, लगोरी, विषअमृत, लंगडी, जे त्यांना खेळायचं ते, भांडणं झाली तर त्यांची त्यांना मिटवू द्या, मारामारीपर्यंत गेलं तरच मध्ये पडा. मग पाणी आणि खाऊ, मुरमुरे-फुटाणे-गूळ पुरे, पाकिटातलं नको. मग तासाभराचं काम, आणि एकच काम दोन-तीन आठवडे चालू द्या. रोज नवीन क्राफ्ट करायच्या नादात मुलांचं काहीच पूर्ण होत नाही, आयांना दाखवायला वस्तू मिळते एवढंच.

काय काम? आता पाऊस आहे तर बाटली कापून पर्जन्यमापक बनवा, सरळ भिंतीची बाटली घ्या, बुडाच्या खळग्यात खडे आणि पाणी भरून तिथून शून्य धरा, पट्टी चिकटवा, गच्चीवर ठेवा, रोज एका मुलाची पाळी, आकडा भिंतीवरच्या तक्त्यावर. महिन्यानं त्याचा आलेख होतो आणि पेपरातल्या नागपूरच्या आकड्याशी ताडून बघता येतो, आपल्याकडे कमी अन तिकडे जास्त का, यावर मुलं किती बोलतात बघा. उघडीप झाली की सावलीची काठी रोवा, तासातासाला सावलीच्या टोकाला खडूची खूण. नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि परत जुलैच्या मध्यात एकेक दिवस असा येतो की दुपारी बारा-साडेबाराच्या मध्ये उभ्या काठीची सावलीच पडत नाही. जुलैत ढग असतात म्हणून मे चा दिवस धरा, फक्त मे च्या उन्हात मुलांना पाच मिनिटांच्या वर बाहेर ठेवायचं नाही, टोपी आणि पाणी घेऊनच. डिसेंबर-जानेवारीत सकाळी फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर पक्षी बघायला एक रविवार, दोन-तीन पालकांना सोबत घेऊन.

चौथीची मुलं पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतील अशी दहा मिनिटं रोज ठेवा. मला वाटतं सगळ्या कार्यक्रमात हेच सगळ्यात उपयोगाचं ठरेल, कारण वाचायला अडखळणारा चौथीतला मुलगा पहिलीच्या पोरासमोर न लाजता वाचतो. तोच वर्गात सरांसमोर वाचणार नाही. होमवर्क मात्र हॉलमध्ये आणू देऊ नका, एकदा आला की पालक तेच मागतील आणि तुमची ट्यूशन होऊन जाईल. सर्टिफिकेट, मेडल, ॲन्युअल डे यातलं काही ठेवू नका. पालकांना दाखवायचंच असेल तर महिन्यातून एकदा त्यांना हॉलमध्ये बोलवा आणि मुलांनाच सांगू द्या, अर्धवट झालेलं कामसुद्धा.

सुरक्षेचं कडक ठेवा. हॉलचं दार उघडं, तुमच्यासोबत नेहमी आणखी एक मोठी बाई, पाळीपाळीनं आया बसू शकतात. कोणाच्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे, दमा आहे का, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या, फोन नंबर दोन-दोन घ्या. मुलाला न्यायला कोण येणार ते वहीत लिहिलेलं पाहिजे, आणि त्या दोन नावांव्यतिरिक्त काका आले, मामा आले, कोणीही आलं तरी आधी आईला फोन, मग मूल. सुरुवात आठ मुलांनी करा, बाराही नको. दिवाळीपर्यंत चालवून बघा आणि मग कळवा की मुलं स्वतः वेळेवर खाली उतरतात की बोलवायला जावं लागतं, त्यावरून पुढचं टाइमटेबल ठरवू.